मी न सांगितलेला पाऊस

आमच्या वहिनीचा अर्धा मोहोर मी बुडवला. उरलेला अर्धा वाचवला तोही मीच, पण आग लावणाऱ्याने नंतर दोन बादल्या पाणी ओतलं म्हणून कोणी त्याला मानाचा नारळ देत नाही. ही गोष्ट वाडीत सगळ्यांना माहीत आहे, देवालाही रीतसर कळवण्यात आली आहे. तरी ती लिहून काढतो आहे, कारण तोंडी सांगताना मी दर खेपेला थोडा थोडा बरा माणूस होत जातो. मग बायको आतून म्हणते, "तसां नाय झालां हां."

मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. आमचं गाव मसुऱ्याच्या अलीकडे. समुद्र दिसत नाही, पण दुपारनंतर वारा फिरला की त्याचा वास येतो. पुस्तकात हिवाळ्याच्या धड्यात 'पश्चिमी विक्षोभ' असा एक शब्द आहे. कित्येक वर्षं मी तो फळ्यावर लिहिला, मुलांनी वहीत उतरवला, परीक्षेत मी विचारला, मुलांनी मला तो परत केला. अर्थ आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हता. एका वर्षी एका मुलीने विचारलं, "सर, पण म्हणजे नेमकं होतं काय?" मी म्हणालो, "उद्याच्या तासाला बघू." तो तास आला नाही. मुलगी दहावी झाली, तिचं लग्न झालं, आणि ती आठवडी बाजारात दिसली की मी वालीच्या शेंगांत डोकं घालायला लागलो.

शेवटी त्या लाजेपोटी मी फोनवर हवेचे नकाशे बघायला लागलो. आधी काही कळेना. नुसते रंग आणि बाण. मग हळूहळू दिसायला लागलं की हिवाळ्यात आपल्या डोक्यावर फार उंच, विमानं जातात तिथे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याची एक नदी वाहत असते. ती सरळ जात नाही. कुठे वर उचलली जाते, कुठे खाली लोंबते. आपल्या अंगणात काय होणार हे अंगणात बघून कळत नाही, त्या नदीचं वळण आज कुठे आहे हे बघून कळतं. आणि ही वळणं दर वर्षी नवी नसतात. तीच तीच फिरून येतात, जत्रेतल्या दुकानांसारखी. एकदा चेहरा ओळखीचा झाला की लांबूनच कळतं, हा आला.

मी शाळेच्या एका कोऱ्या वहीत त्यांची चित्रं काढून त्यांना नावं दिली. पहिलं नाव 'गोधडी'. वाऱ्याची नदी राजस्थान-गुजरातवर अशी लोंबते, की दोरीवर कोणी ओली गोधडी टाकली आहे. हे लोंबतं वळण पूर्वेला सरकतं, हिमालयावर बर्फ पाडतं, आणि त्याच्या पाठोपाठ उत्तरेची कोरडी थंड हवा खाली उतरते. तीन-चार दिवसांत ती आमच्याकडे पोचते. मग पहाटे अंगणात शेकोट्या दिसतात, म्हातारे कानाला टॉवेल गुंडाळतात आणि हापूसच्या कलमांना मोहोराची आठवण होते.

दुसरं नाव 'पाहुणा'. लांब उत्तरेला जास्त दाबाच्या हवेचा एक डोंगर येऊन बसतो आणि हलतच नाही. नदीला त्याला वळसा घालून जावं लागतं. तो बसलाय तोवर सगळीकडची हवा जिथल्या तिथे अडकते. थंडी तर थंडी, ढग तर ढग, दहा-दहा दिवस. हे पान बायकोने वाचलं.

"ह्यां माझ्या मामावरना लिवलात मां?"

"तुझ्या मामाचं नाव कुठे आहे त्यात?"

"'दोन दिवसांसाठी म्हणून येतो' असां लिवलाहात. आनी कोण आसा तसो?"

तिसरं नाव 'हातमिळवणी'. हे क्वचित येतं आणि वाईट येतं. वर गोधडी लोंबलेली असते आणि नेमकं त्याच वेळी खाली लक्षद्वीपच्या बाजूला समुद्रात कमी दाबाचा भोवरा तयार झालेला असतो. वरची गोधडी खालच्या भोवऱ्याला हात देते. मग समुद्राची वाफ किनाऱ्याने वर खेचली जाते आणि भर डिसेंबरात आमच्याकडे पाऊस पडतो. नुकत्या फुललेल्या मोहोरावर पाऊस पडला की मोहोर काळा पडून गळतो. म्हणून हे पान मी लाल पेनने लिहिलं.

माझ्या शास्त्राला एक साक्षीदारही होता. आमच्या फवारणीचा पंप चालवायला एक नेपाळी गडी आहे. त्याचं गाव नेपाळात पार पश्चिमेला, डोंगरात. सकाळी कलमांखाली उभा राहून तो घरी फोन लावतो. "मास्टरजी, घर पे बर्फ गिरा," असं त्याने सांगितलं की चौथ्या दिवशी माझं स्वेटर पेटीतून बाहेर. मी नकाशे बघून जे काढायचो ते हा माणूस भावाची खुशाली विचारता विचारता काढायचा. मला जरा अपमानच वाटायचा.

दोन हिवाळे माझे अंदाज बरोबर आले. वाडीच्या ग्रुपवर मी लिहायचो, "गुरुवारपासून थंडी," आणि गुरुवारी थंडी यायची. लोक फुलं पाठवायचे, हात जोडायचे. देवळात माझ्यासाठी जागा सरकायला लागली. मी चालताना हात मागे बांधायला लागलो. बायको म्हणाली, "थंडी तुमीच आणतास असां लोकांका सांगा नको हां. उद्या गरमी झाली तर मारतीत."

मग ते लग्न आलं. वाडीतलंच, दुपारचं, अंगणात मांडव. चार दिवस आधी मला नकाशावर हातमिळवणी दिसली. मी ग्रुपवर लिहिलं, "मुसळधार. मांडव झाका." लोकांनी ऐकलं, हेच चुकलं. निळ्या ताडपत्र्या आणून अख्खा मांडव आवळून बांधला. समुद्रातला भोवरा ऐन वेळी ओमानकडे निघून गेला. लग्नाच्या दिवशी ऊन असं पडलं की ताडपत्रीखाली वऱ्हाड उकडून निघालं. भटजींनी मंगलाष्टकं निम्मी केली. मुलाचा काका भोवळ येऊन पडला, त्याला सोलकढी पाजली, तीही कोमट झाली होती.

त्या दिवसापासून मी ताडपत्री मास्तर झालो. वर्गात फळ्यावर छत्री काढलेली असायची. मासेवाली दारात टोपली उतरवून विचारायची, "मास्तरानु, बांगडे उघडे ठेवू काय झाकू?" मी हसायचो. आतून मला ते फार लागायचं. मी ग्रुपवर लिहिणं बंद केलं. नकाशे बघणं मात्र सुटलं नाही. ते मी आता चोरून बघायचो, तंबाखू खाणारा पोराबाळांपासून लपून खातो तसं.

आता वहिनीबद्दल. थोरला भाऊ गेल्यापासून त्याची बाग ती एकटी सांभाळते. वाटण्या झाल्या तेव्हा थोरल्याला वरच्या कातळाकडची कलमं मिळाली, मला खालची, ओढ्याकडची. वरच्या कलमांना वारा लागतो, त्यांचा मोहोर नेहमी पंधरा दिवस आधी. माझी झाडं तशीच हिरवी, सुस्त. दर वर्षी त्या वरच्या मोहोराकडे बघून माझ्या पोटात थोडं दुखायचं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. आता सांगतोय, कारण पुढे लागणार आहे.

तिचा मुलगा मुंबईला नोकरीला. दोन वर्षं तो मागे लागला होता, की कलमं करारावर एखाद्या व्यापाऱ्याला देऊन टाक आणि इकडे ये, तिथे एकटी कशाला राहतेस. शेवटी त्या वर्षी गणपतीत मायलेकांचं ठरलं. बाग भरली तर ती गावातच राहील. नाही भरली, तर झाडं व्यापाऱ्याकडे आणि ती मुंबईला. करारावर एकदा गेलेली कलमं पाच-सात वर्षं हातात येत नाहीत, आणि वहिनीचं वय बघता परत कधी येणार, हे न बोलताही सगळ्यांना कळत होतं.

"माका थंय काय काम?" ती आमच्या पडवीत बसून म्हणाली होती. "खिडकीत बसान समोरच्या खिडकीतली बाई बघूची. ती माका बगतली. दोगांय येडी होतलांव."

त्या वर्षी गोधडी वेळेवर आली. नोव्हेंबर संपता संपता छान थंडी पडली, आणि वहिनीची वरची कलमं अशी मोहोरली की पान दिसेना. नवल म्हणजे माझ्याही झाडांना त्याच सुमाराला मोहोर आला. फवारणीची वेळ झाली.

इथे आमच्या वाडीची एक रीत सांगायला हवी. पंप तीन घरांत मिळून एक. वहिनीचं घर, माझं घर, आणि आमच्या देवळाच्या गुरवाचं घर. त्या दिवसांत तालुक्यात दुसरा पंप भाड्यानेही मिळत नाही. पंप कोणी आधी वापरायचा यावर पहिल्याच वर्षी भांडण झालं, तेव्हा कोणीतरी तोडगा काढला, की देवळात ज्या क्रमाने मान मिळतो त्या क्रमाने पंप. प्रसादाचा पहिला नारळ थोरल्या घराला, म्हणजे पंप पहिला वहिनीला. मग मला. गुरव रोज देवाची सेवा करतो, म्हणून त्याला सगळ्यात शेवटी. हा न्याय देवाचा नाही, आमचा आहे. एकेका घराला दोन-दोन दिवस. कोणाचा मोहोर कधी फुलला, आभाळ कसं आहे, याचा यात काही संबंध नाही. आपल्याकडे औषध मारायच्या यंत्रालाही मानपान आहे याचा आम्हाला तेव्हा अभिमान वाटायचा.

वहिनीची पाळी सोमवार-मंगळवारी होती. माझी बुधवार-गुरुवारी. गुरवाची शुक्रवार-शनिवारी.

त्याआधीच्या शुक्रवारी शाळेत मधल्या सुट्टीत मी फोन उघडला आणि लाल पेनचं पान समोर आलं. गुजरातपर्यंत लोंबलेली गोधडी. लक्षद्वीपजवळ भोवरा. लग्नाच्या वेळी दोघांत अंतर होतं, ते मी तेव्हा घाईत बघितलं नव्हतं. या वेळी अंतर नव्हतं. शनिवारी परत बघितलं, आणखी जवळ आले होते. बुधवारी दुपारपासून गुरुवारी रात्रीपर्यंत पाऊस. मला शंभरातली ऐंशी खात्री होती. फवारलेलं औषध पावसाने धुऊन जाणार, आणि पाऊस थांबल्यावर लगेच पुन्हा फवारलं नाही तर मोहोर काळा पडणार. म्हणजे पावसाआधी पंप ज्याच्या दारात असेल तो बुडाला, आणि पाऊस संपल्यावर ज्याच्या दारात असेल तो तरला.

मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. लोक हसतील ही भीती खरी होती. मी बरेच दिवस स्वतःला तेवढंच कारण सांगत होतो. पण हसण्याला भिणारा माणूस गप्प बसतो. मी गप्प बसलो नाही. मी संध्याकाळी गुरवाच्या घरी गेलो.

"बुधवारी शाळेत तपासणी आहे," मी म्हणालो. तपासणी वगैरे काही नव्हती. "तुम्ही माझी पाळी घ्या, मी तुमची घेतो."

गुरव दारात उभा राहिला तो तसाच. "म्हणजे दुसरी पाळी माजी?"

"हो."

"मास्तरानु," त्याने आत हाक मारून बायकोला बाहेर बोलावलं, "आयकलंस गो? माज्या बापाशीक, आज्याक, कोणाक ह्यो मान नाय गावलो. मास्तरांनी आपणहून दिलो." त्याची बायको चहा घेऊन आली. बशीत दोन बिस्किटं होती. मी ती खाल्ली. कशी खाल्ली मला माहीत नाही, पण खाल्ली.

रविवारी संध्याकाळी वहिनी आमच्या गडग्यापाशी आली. गडगा म्हणजे आमच्या दोन बागांमधली दगडाची बुटकी भिंत. मी अलीकडे, ती पलीकडे. औषधाचे डबे तिने आणून ठेवले होते, सकाळी नेपाळी येणार होता.

"भावोजीनु, फवारू मां उद्या?"

मी आभाळाकडे बघितलं. निरभ्र होतं. हिवाळ्यातला पाऊस येण्याआधी नेहमी असंच असतं.

"तुमी आता ग्रुपार काय लिवनास नाय," ती म्हणाली.

"लिहिलं की लोक हसतात, वहिनी."

"लोकांचा सोडा. माका सांगा. पाऊस बिऊस नाय मां?"

तिने एवढं सरळ विचारलं होतं. मी म्हणालो, "निसर्गाचं काही सांगता येत नाही." भूगोलाच्या मास्तराच्या तोंडात हे वाक्य किती शोभून दिसतं. ती थोडा वेळ उभी राहिली. माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "बरां," आणि गेली.

सोमवार-मंगळवार तिने फवारलं. बुधवारी सकाळी वाजतगाजत म्हणावं तसा पंप गुरवाकडे गेला. त्याने पंपाला हळदकुंकू लावलं, हार घातला. दुपारी दोनच्या सुमाराला मी सातवीच्या वर्गात होतो. खिडकीतून काळोख आला. मग पत्र्यावर आवाज सुरू झाला. मुलं ओरडली, "सर, पाऊस!" एक जण उठून म्हणाला, "सर, ताडपत्री आणू?" सगळा वर्ग हसला. मी हसलो नाही म्हणून त्यांना वाटलं मी रागावलो. बुधवारची दुपार, गुरुवार पूर्ण, पाऊस पडत राहिला. माझा अंदाज बरोबर आला होता, तासागणिक. आणि ते एका माणसालाही सांगायची सोय नव्हती.

शुक्रवारी पहाटे आभाळ धुतल्यासारखं झालं. पंप माझ्या दारात. मी शाळेत रजा टाकली होती. नेपाळ्याने इंजिन चालू केलं आणि आम्ही फवारायला लागलो. दहा वाजेपर्यंत माझी निम्मी झाडं झाली. चहाला थांबलो तेव्हा गुरव रस्त्याने चालला होता, देवळातून घरी. त्याची बारा झाडं बुधवारी सकाळी फवारून दुपारी धुऊन निघाली होती. तो थांबला. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

"मास्तरानु, तुमच्या तपासणीन तुमका वाचयल्यान," तो म्हणाला. "देवाची कृपा."

त्याने हे मनापासून म्हटलं की टोमणा मारला हे मला आजही कळलेलं नाही. मी त्याला विचारू शकत नाही. नेपाळी खाली मान घालून चहा पीत होता. त्यानेही तेव्हा काही बोलायचं कारण नव्हतं, पण तो म्हणाला, "मास्टरजी, आज ऊपर वाला बाग करना था. वहाँ फूल ज़्यादा है." वरची बाग म्हणजे वहिनीची. त्याला ना नकाशा माहीत होता ना मानपान. त्याला एवढंच दिसत होतं की जिथे मोहोर जास्त आणि भिजलेला, तिथे औषध आधी जायला हवं.

मी पेला खाली ठेवला आणि गडगा ओलांडून वर गेलो. वहिनी एका कलमाखाली उभी होती. हातात मोहोराचा एक तुरा होता. टोकाला तपकिरी पडायला लागला होता.

"वहिनी," मी म्हणालो, "मला माहीत होतं."

"काय म्हायत होतां?"

"बुधवारी पाऊस येणार ते. शुक्रवारपासून माहीत होतं. म्हणून मी गुरवाबरोबर पाळी बदलली. तपासणी खोटी."

"म्हायत आसा माका," ती म्हणाली.

"कसं?" मी विचारलं.

"तुमी कधी पाळी मागे केल्यात? लगीन असलां तरी पंप सोडनास नाय तुमी. शनिवारी गुरवाची बायल सांगूक इली, आमका मान गावलो म्हणान. तेवाच माका कळला, मास्तरांका फोनात काय तरी दिसला."

"मग तुम्ही फवारलंत कशाला?"

"माजो पयलो मान. तो मी कोणाक सोडू, आनी काय म्हणान सोडू? भावोजीनी सांगला म्हणान सोडलंय असतंय. म्हणान तर रविवारी गडग्यार इलंय. उभी रवलंय. तुमी आभाळाकडे बगलात." तिने तो तुरा माझ्या हातात दिला. "तोंडातना एक शब्द येवक नाय तुमच्या."

ती रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं, हे तिला ठाऊक असावं.

"पंप आणतो," मी म्हणालो.

"तुमची अर्दी झाडां रवली मां?"

"राहू देत."

"आता दानधर्म नको करूस माका," ती एकदम अरेतुरेवर आली. लग्न होऊन घरात आली तेव्हा मी शाळकरी पोर होतो. रागावली की तिला ते आठवतं. "पंप आण. औषध माजा संपला. तुजा उरलेला घेवन ये. आनी गुरवाक सांग, उद्याचो दिवस तेचो."

माझी उरलेली निम्मी झाडं तशीच राहिली. दुपारपासून काळोख पडेपर्यंत वहिनीची बाग फवारली. नेपाळी नळी धरून, मी इंजिनाशी, ती पिंपात औषध ढवळत. दिवसभर ती माझ्याशी फक्त "पाणी कमी" आणि "बास" एवढंच बोलली. शनिवारी पंप गुरवाकडे. पुढच्या आठवड्यात हिशेब समोर आला. वहिनीचा जवळजवळ निम्मा मोहोर गळला, निम्मा टिकला. माझीही निम्मी झाडं काळी पडली. लोकांना वाटलं माझ्यावर देव कोपला. देवाला त्यातलं काही माहीत नव्हतं, हेही लवकरच दुरुस्त झालं.

कारण गुरवाला मी सगळं सांगितलं तेव्हा त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माका सांगान काय उपयोग? वरती सांगूक व्हया." म्हणजे गाऱ्हाणं. आमच्याकडे देवापुढे मागणं मांडतात ते मनातल्या मनात नाही, मोठ्याने, सगळ्यांसमोर, आणि जमलेल्या माणसांनी प्रत्येक वाक्याला होकार द्यायचा. सोमवारी देऊळ भरलं होतं. माझे दहावीचे विद्यार्थी पुढेच उभे होते. गुरवाने नारळ हातात घेतला.

"बा देवा महाराजा! ह्या तुज्या लेकराक फोनात पाऊस दिसलो!"

"व्हय महाराजा!"

"दिसलो, पण तोंडार इलो नाय!"

"व्हय महाराजा!"

"आपली पाळी मागे सारल्यान, माका पुढे ढकलल्यान! माजी बारा झाडां भिजवल्यान!"

"व्हय महाराजा!" हे जरा जास्तच उत्साहाने आलं.

"तर देवा, हेका दिसला तर बोलूची बुद्धी दी!"

"व्हय महाराजा!"

"आनी दिसूक नाय तर गप रवाची अक्कल दी!"

त्यावर जो "व्हय महाराजा" झाला, तेवढा मोठा आमच्या देवळात मी पूर्वी ऐकला नव्हता. वहिनी बायकांच्या बाजूला उभी होती. पदर तोंडाशी धरला होता. खांदे हलत होते. हसत होती. मला तेवढ्यानेही धीर आला, असा मी निर्लज्ज आहे.

जानेवारीत व्यापारी आला. वहिनीची कलमं बघून त्याने तोंड वाकडं केलं. अर्धा मोहोर, त्यात डाग. या वर्षी करार नको, पुढच्या वर्षी बघू, म्हणाला. मुलगा फोनवर वैतागला. "ठरलं काय होतं आई?"

"भरली तर रवतलंय, नाय भरली तर येतलंय," वहिनी म्हणाली. "अर्दी भरली तर काय तां तुया सांगूक नाय."

शेवटी ती पावसाळ्यात त्याच्याकडे गेली आणि दसऱ्याला परत आली. तिने तेवढ्यात समोरच्या खिडकीतल्या बाईशी मैत्री करून तिला आंबोळ्या शिकवल्या होत्या. झाडं अजून तिच्या हातात आहेत. दर वर्षी ती म्हणते, ह्या वर्षी बगू. दर वर्षी मला ते 'बगू' माझ्याकडे बघून म्हटल्यासारखं वाटतं.

पंपाची रीतही बदलली, पण मला हवी होती तशी नाही. आता ज्याचा मोहोर आधी त्याचा पंप आधी, असं मी सुचवलं. गुरवाने साफ नकार दिला. एकदा वर गेलेला मान खाली येत नाही, म्हणाला. तेव्हा पहिली पाळी वहिनीची, दुसरी गुरवाची आणि मी कायमचा तिसरा. मी हरकत घेतली नाही.

गेल्या डिसेंबरात वहिनीने सकाळीच मला तिच्या अंगणात बोलावलं. पंप तिच्या दारात पोचला होता, नेपाळी दोरी गुंडाळत उभा होता. मी नकाशा बघून ठेवला होता. गोधडी होती, भोवरा होता, दोघांत अंतरही होतं. मी पाठ केल्यासारखा सुरू झालो, "शंभरातली पंचावन्न..."

"तां नको," ती म्हणाली. "पाऊस येतलो काय नाय येतलो, तां माका नको. तुमची पाळी आज असती, तर तुमी फवारलां असतात काय?"

यापेक्षा अवघड प्रश्न मला कोणी विचारलेला नाही. नकाशा बाजूला ठेवावा लागतो आणि स्वतःच्या पोटात हात घालावा लागतो. ती थांबली. थांबायची तिला सवय आहे.

"नसतं फवारलं," मी म्हणालो. "तीन दिवस थांबलो असतो."

ती नेपाळ्याकडे वळली. "पंप पडवीत ठेव रे. तीन दिवस कोन फवारूचो नाय. गुरवाक सांगान ये, पाळी जाग्यार आसा, मान गेलेलो नाय."

ते तीन दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. पहिल्या दिवशी कडक ऊन. दुसऱ्या दिवशी त्याहून कडक. रस शोषणारे तुडतुडे मोहोरावर बसलेले दिसायला लागले, आणि मी फवारणी थांबवलेली. शाळेतून येताना मी आभाळाकडे बघायचो आणि मनातल्या मनात म्हणायचो, पड रे बाबा, थोडा तरी पड. आंब्याच्या बागेचा मालक, स्वतःच्या आणि विधवा वहिनीच्या फुललेल्या मोहोरावर पाऊस मागत होता, केवळ आपण खोटं पडू नये म्हणून. माझी सुधारणा झाली असं कोणी समजू नये.

तिसऱ्या दिवशी दुपारी थोडं मळभ आलं. मी वहिनीच्या अंगणातच होतो. चार थेंब पडले. मग आणखी सात-आठ. तुळशीपुढची रांगोळीही धड पुसली नाही. मग ऊन आलं.

वहिनीने तळहात पुढे करून बघितला. त्यावर एक थेंब होता. तिने तो मला दाखवला.

"भावोजीनु, ह्यो पाऊस धरूचो काय?"

"धरा," मी म्हणालो.